वकट, लेंड, मूंड : सोलापुरातली बडबडगीतं आणि बोलीतले शब्द गोळा करतानाच्या नोंदी

१७ एप्रिल

काम ठरलं. आमच्या गल्लीतल्या बालवाचनालयाची नऊ मुलं (चौथी ते सातवी) आणि मी मिळून सुट्टीत दोन गोष्टी गोळा करायच्या. एक, बाळाला खेळवताना घरोघरी म्हणतात ती बडबडगीतं. दोन, सोलापुरात उठता-बसता तोंडात येणारे शब्द आणि वाक्प्रचार. प्रत्येकापुढे "अर्थ काय" आणि "आलं कुठून" असे दोन रकाने. शेवटी छोटी पुस्तिका काढायची. असंच काम आपल्या गावात करू पाहणाऱ्या दोघींनी आधीच विचारणा केली आहे, म्हणून जे होईल ते तारखेनिशी लिहून ठेवते.

खर्च आजपर्यंत: कॉलरला लावायचा माइक ३५० रुपये, दोन वह्या १२० रुपये. वाचनालयाच्या दारावर कागद लावला: "मराठी बडबडगीते हवी आहेत." यातला पहिला शब्द किती महागात पडला ते १५ मेच्या नोंदीत येईल.

२० एप्रिल

पहिल्या दिवशी पाच घरं, अकरा ध्वनिमुद्रणं. त्यातली आठ फुकट. भद्रावती पेठेत निम्म्या घरांत खाली माग आणि वर बिऱ्हाड. माणसाला ती खटखट ऐकूच येत नाही इतकी सवय असते, माइकला मात्र तेवढीच ऐकू येते. उरलेल्या तीनमध्ये डोक्यावरचा पंखा.

उपाय योगायोगानेच सापडला. दुपारी लाइट गेली, सगळे माग एकदम थांबले आणि त्या अर्ध्या तासात तीन गाणी स्वच्छ मिळाली. तेव्हापासून मोबाइल कायम पूर्ण चार्ज ठेवते आणि लाइट गेली की मुलं पळत सुटतात. एरवी सकाळी साडेसहाच्या आत जायचं. ऊन वर आलं की पंखा बंद करा म्हणणं बरं दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये सोलापुरात ते कुणाला सोसणारही नाही.

२३ एप्रिल

मोठी चूक, आणि ती माझीच. आज्ज्यांना आठवण करून द्यावी म्हणून मी पहिली ओळ स्वतः म्हणत होते: "अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं…" त्या लगेच पुढचं म्हणायच्या. नऊ घरांतलं गाणं अक्षर न् अक्षर एकसारखं! घरी येऊन ऐकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मी पुस्तकातली ओळ म्हणते आणि त्या नातवंडांच्या पुस्तकातलं उत्तर मला परत देतात. एक आज्जी तर म्हणाल्या, "आमचं वायलं हाय, पण ते बरोबर न्हाई. तुमचंच बरोबर." तीन दिवस गेले. नऊही घरी पुन्हा जावं लागणार.

नवा नियम: आपण एक शब्दही म्हणायचा नाही. "गाणं म्हणा" असंही सांगायचं नाही. फक्त विचारायचं, "बाळ रडायला लागलं की काय करायचात?"

२६ एप्रिल

नुसता प्रश्नही पुरला नाही. बाळीवेशीतल्या एका आज्जींनी (वय अठ्ठ्याहत्तर) दहा मिनिटं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. शेवटी "गेलं गं सगळं" म्हणून पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. उठणार तेवढ्यात शेजारची सून आपलं सात महिन्यांचं पोर त्यांच्या मांडीवर ठेवून दळणाला गेली.

आज्जींनी पोराची करंगळी धरली. मग शेजारचं बोट, मग मधलं. आणि तोंडातून आपोआप आलं: करंगळी, मरंगळी, मधलं बोट चाफेकळी, तळहात, मळहात… त्यांचा अंगठा मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर सरकत होता आणि प्रत्येक जागेला शब्द हजर होता. हनुवटीच्या वर भाताचं बोळकं, त्यावर वासाचं नळकं, मग काजळाच्या डब्या, मग देवाचा पाट. पोर हसायला लागलं, तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बघ की, हातात होतं."

मुलांना वाचनालयात हेच कोडं म्हणून घातलं. बोळकं म्हणजे तोंड हे लगेच ओळखलं. नळकं म्हणजे नाक आणि डब्या म्हणजे डोळे हेही आलं. पाट म्हणजे कपाळ यावर मात्र बराच वाद झाला. ज्यांच्या घरी पाटावर देव मांडतात त्या मुलीने तो मिटवला: गंध तिथेच लावतात ना! अर्थ आहे, पण तो शब्दकोशात सापडणार नाही. बाळाच्या अंगावर बोट ठेवल्याशिवाय तो दिसत नाही.

आता आम्ही घरोघरी जाताना एक बाळ बरोबर नेतो, अर्थात त्याच्या आईसकट. बाळ नसेल तर कापडी बाहुली. बाहुलीवर निम्मंच आठवतं, पण काहीच नसल्यापेक्षा बरं.

३० एप्रिल

"मरंगळी म्हणजे काय?" या प्रश्नावर दोन दिवस घालवले. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश पाहिला, दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड उलटले. मग मडगुलं, मटक, मळहात अशी यादीच केली आणि प्रत्येक शब्दाला ओढूनताणून अर्थ चिकटवायला लागले.

सुटका केली कन्नड बोलणाऱ्या एका भाजीवाल्या अक्कांनी. त्यांच्या लहानपणी राज्य कुणावर हे ठरवायला म्हणायचे: "अवलक्की पवलक्की, कांचण मिणमिण…" अवलक्की म्हणजे पोहे. पवलक्की? "अवलक्कीचं पवलक्की. जेवणाचं बिवण." बस्स, एवढंच! पहिला शब्द खरा, दुसरा त्याचा नुसता पडसाद. करंगळी खरी, मरंगळी तिची सावली. तळहात खरा, मळहात ताल सांभाळायला. पहिलं अक्षर बदलून शब्दाची जोडी लावायची ही सवय मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, हिंदीत सगळीकडे आहे. पोरांच्या गाण्यात ती सर्वांत जास्त दिसते, कारण तिथे चाल आधी येते.

यादीतले सतरा शब्द खोडले. तिसरा रकाना वाढवला: "नुसता नाद".

४ मे

पाहुणी आलेली भाची इंग्रजी शाळेत जाते. तिने मोबाइलवर फिरणारा एक मजकूर दाखवला: "रिंगा रिंगा रोझेस" हे लंडनच्या १६६५ च्या प्लेगवरचं गाणं आहे, गुलाब म्हणजे अंगावरचा लाल चट्टा, शिंक आली की माणूस पडला. मुलं थरारली. मग त्यांच्यातल्या एकीला सुचलं: आपल्याकडेही प्लेग आला होता! "अटक मटक चवळी चटक"मध्ये "जिभेला आला फोड, फोड काही फुटेना" आहे. म्हणजे तेही प्लेगचंच!

मलाही क्षणभर खरं वाटलं. मग एकेक तपासलं. इंग्रजी गाणं छापील रूपात पहिल्यांदा मिळतं १८८१ मध्ये, केट ग्रीनवेच्या बालगीतांच्या पुस्तकात. त्याचा प्लेगशी संबंध लावणारी गोष्ट पसरली विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धानंतर. मधल्या पावणेतीनशे वर्षांत ती कुणी सांगितलेली नाही. बऱ्याच जुन्या पाठांत शिंकच नाही. इंग्रजी बालगीतांचे मोठे अभ्यासक आयोना आणि पीटर ओपी यांनी हा अर्थ मानलेला नाही.

आणि आपला फोड? प्लेगची येते ती गाठ, आणि तीही जांघेत किंवा काखेत. आपल्या जुन्या माणसांनी प्लेगला गाठीचा ताप म्हटलं, फोडाचा नाही. गरम चवळी घाईने तोंडात घातली की जिभेला येतो तो फोड. पुढची ओळ तर "घरचा पाहुणा उठेना" अशी आहे. ठाण मांडून बसलेल्या पाहुण्याला पोरांच्या तोंडून दिलेला टोमणा. छुपा अर्थ हवा असेल तर तो इथे आहे. बायकांना जे थेट बोलता येत नव्हतं ते बाळाच्या गाण्यातून पाहुण्याच्या कानावर जात होतं.

९ मे

रिक्षा थांबा, पार्क चौक. शब्द गोळा करायला याहून चांगली जागा नाही. दोन तासांत चाळीस शब्द. त्यातले बारा आम्ही घेतलेच नाहीत, कारण ते कुणाच्या तरी जातीवरून किंवा शरीराच्या व्यंगावरून आलेले होते. मुलांनी विचारलं, "खरे आहेत ना, मग का नको?" मी सांगितलं, नववीतल्या मुलांबरोबर असतो तर लिहिले असते आणि त्यावर बोललोही असतो. चौथीतल्या मुलाच्या हातात नुसता शब्द द्यायचा नाही.

घेतलेल्यांपैकी काही:

हुडकणे. पुण्याकडचे "शोधणे" म्हणतात, आम्ही हुडकतो. कन्नडमध्ये हुडुकु म्हणजे शोध. भाजीवाल्या अक्कांनी एका सेकंदात सांगितलं. गुंडी (शर्टाची) आणि तूप हेही तसेच, कन्नडमध्ये गुंडी आणि तुप्प.

मोगलाई. "मोगलाई लागून गेली काय?" म्हणजे इथे कुणाचा कुणाला पायपोस नाही का. एका म्हाताऱ्या रिक्षावाल्या मामांनी सांगितलं, त्यांचे वडील तुळजापूरला निघाले की "मोगलाईत चाललो" म्हणायचे. बरोबरच आहे. सोलापूर मुंबई इलाख्यात होतं आणि पलीकडचं नळदुर्ग-तुळजापूर निजामाच्या राज्यात, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. निजामाचं घराणं मुळात मोगलांचे सुभेदार, म्हणून त्यांच्या मुलखाला मोगलाई. आमच्यासाठी ती हद्द दोन-चार तासांच्या वाटेवर होती. मुलांना हे नकाशावर दाखवलं तेव्हा शब्दाला एकदम जागा मिळाली.

सोळा आणे खरं. मुलांना आणा माहीत नाही. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हा हिशोब फळ्यावर मांडला. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला तरी सोळा आणे तोंडातून गेले नाहीत. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर बंद झालं, पण "चाराण्याची अक्कल" चालूच आहे. चवली, पावली, अधेली म्हणजे दोन, चार, आठ आणे, हे सांगू शकणारे चौघंच भेटले.

१५ मे

हा दिवस विसरणार नाही.

मैदानावर विटीदांडूचं ध्वनिमुद्रण करायचं होतं. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका मुलांना जुना डाव शिकवत होते. विटी लांब गेली की दांडूने अंतर मोजायचं आणि मोजताना म्हणायचं: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वई, झकू. प्रत्येक शब्दाला पुढच्या टोल्याची विटी ठेवायची जागा वेगळी, कधी पायाच्या पंजावर, कधी मुठीवर, कधी डोळ्याशी. मी वहीत लिहिलं: "नुसता नाद." पडसादांचा धडा ताजा होता, त्यामुळे अगदी ठामपणे लिहिलं.

मागे एक मुलगा उभा होता. आमच्या नऊतलाच, पद्मशाली विणकरांच्या घरातला, चौथीतला. महिनाभर तो रोज यायचा, वही धरायचा, माइक सांभाळायचा. पण स्वतःच्या घरचं एकही गाणं त्याने आणलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बाई, हे तर आकडे आहेत."

"कुठले?"

"आमचे. वोकटि, रेंडु, मूडु, नालुगु."

काकांच्या हातातला दांडू तसाच राहिला. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं आणि काकांना शेजारी उभं करून त्यांचं म्हणायला लावलं. वकट, वोकटि. लेंड, रेंडु. मूंड, मूडु. नाल, नालुगु. तेलुगूत एक हा शब्द लिहिताना "ओ"ने सुरू होतो, पण बोलताना ओठ गोल होऊन आधी बारीकसा "व" येतो. आपल्या वकटातला व तोच. आमच्यातल्या कन्नड बोलणाऱ्या मुलीने तिचे आकडे म्हणून पाहिले: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. चौथा जवळ येतो, पहिला बसतच नाही. म्हणजे तेलुगूच. पुढचे आर आणि वई हे आरु (सहा) आणि ऐदु (पाच). काकांच्या मोजणीत त्यांची अदलाबदल झाली होती. झकू मात्र कुठेच बसला नाही, त्याला नादाच्या रकान्यात ठेवलं.

काका साठ वर्षं खेळत आले, मी लहानपणी खेळले. शेजारच्या गल्लीत रोज हेच आकडे मोजून सूत विकलं जातं आणि आम्हाला कधी ऐकू आलं नाही.

मी त्या मुलाला विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीस. तो म्हणाला, "बाई, दारावर मराठी लिहिलंय ना."

घरी जायच्या आधी तो कागद काढला. नवा लावला: "घरात म्हणता ती बडबडगीते हवी आहेत." दुसऱ्या दिवसापासून तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू घरांतून वह्या यायला लागल्या. महिना वाया गेला तो या एका शब्दापायी. असं काम करणाऱ्यांनी निमंत्रण लिहिताना हे जरूर लक्षात ठेवावं.

१७ मे

उत्साहाच्या भरात लिहून टाकलं होतं: "विटीदांडूचे हे आकडे सोलापूरच्या विणकरांनी महाराष्ट्राला दिले." रात्री सासऱ्यांना फोन केला, ते कोकणातले. त्यांनी तिकडून धडाधड म्हणून दाखवलं: वकट, लेंड, मूंड! बहिणीच्या घरी नाशकातही तेच. तेलंगणातून विणकर सोलापुरात मोठ्या संख्येने आले ते मागांच्या आणि गिरण्यांच्या काळात, आणि हा खेळ त्याच्या किती तरी आधीपासून गावोगाव आहे. वाक्य खोडलं. गावाचा अभिमान वाटणं ठीक, पण पुस्तिकेत लिहिलं एवढंच: हे शब्द तेलुगू आकड्यांचे आहेत.

अशीच गोष्ट इंग्लंडच्या उत्तरेला आहे. तिथले मेंढपाळ मेंढ्या मोजायचे ते "यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप" असे. इंग्रजी बोलणारी माणसं, पण मोजणी जुन्या केल्टिक भाषेतली. वेल्शमध्ये पाचाला आजही "पिंप" असंच म्हणतात. मुलांना हे सांगितल्यावर एकीने दिवसभर चपला पिंपपर्यंत मोजल्या.

२२ मे

दोन दिवस वाया. ध्वनिमुद्रणांना मोबाइलने आपोआप दिलेली नावं तशीच ठेवली होती. आता ६३ फायलींत कुठली कुणाची ते कळेना. सगळ्या पुन्हा ऐकल्या. यापुढे मुद्रण सुरू झालं की आधी आपणच बोलायचं: तारीख, पेठ, घरची भाषा, म्हणणाऱ्याचं वय. नाव बोलायचं नाही, ते वहीत वेगळं.

"जो जो" मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीनही भाषांच्या घरांत मिळालं. कन्नडमध्ये अंगाईला जोगुळच म्हणतात. ते कुणाचं, हा वाद मुलांनी सुरू केला आणि मीच थांबवला. बाळ तिन्ही घरांत झोपतं.

२८ मे

मुलांनी वाचनालयाबाहेर लावायला फलक केला. "ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा, पैसा झाला खोटा" यावर. एका आजोबांनी सांगितलं होतं, निजामाचं नाणं (हाली) सोलापुरात खोटं ठरायचं, इथे कलदारच (इंग्रज सरकारचा रुपया) लागायचा. त्यावरून आलंय हे. किती छान बसतंय! मोगलाईचा नकाशा आधीच तयार होता. फ्लेक्स छापला, १,४०० रुपये.

९ जून

फलक उतरवला. जे मी विटीदांडूच्या वेळी शिकले होते तेच अकरा दिवसांत विसरले. हाली आणि कलदार ही दोन वेगळी चलनं होती हे खरं. पण हेच गाणं जिथे हाली कधी पोचलाच नाही त्या कोकणातही शब्दशः आहे. आजोबांनी त्यांच्या अनुभवावरून अर्थ लावला होता, तो त्यांच्यासाठी खरा. गाण्याचा उगम म्हणून तो छापणं चूक. १,४०० रुपये मी माझ्या खिशातून भरले.

याच्यावरचा उपाय सगळ्यात उपयोगी ठरला. "आलं कुठून" हा रकाना फाडून दोन केले: "घडलेलं" आणि "सांगतात". "ध चा मा करणे" त्यात असा बसला. घडलेलं: ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून. सांगतात: आनंदीबाईंनी पत्रातल्या "धरावे"चं "मारावे" केलं. हाली नाण्याचं स्पष्टीकरणही आता "सांगतात"मध्ये आहे, आजोबांच्या वयासकट.

दुपारी पहिला जोरदार पाऊस. नऊच्या नऊ मुलं तेच गाणं म्हणत रस्त्यावर. अर्थाची आठवण कुणालाच नव्हती.

१८ जून

छपाई. मजकूर युनिकोडमध्ये होता, छापखान्यात जुना फॉन्ट. बदलताना सगळे रफार सरकले आणि "ऱ्हा" जिथे असेल तिथे चौकोन आले. तेलुगू आकडे आम्ही देवनागरीतच लिहिले होते म्हणून वाचले. सात चुका मुलांनी काढल्या, चार मी, आणि एक छापून झाल्यावर दिसली (पान ११, "नळकं"चं "नकळं"). ती दीडशे प्रतींत पेनने दुरुस्त केली, दोन संध्याकाळी. दुसऱ्यांनी थेट पीडीएफ करून द्यावी, छापखान्यात मजकूर उघडूच देऊ नये.

२४ पानं, १५० प्रती, ४,२०० रुपये. फलक, माइक, वह्या, फिरणं धरून एकूण ६,९००. वर्गणी ५,००० जमली होती. बाकी प्रती तीस रुपयांना विकून भरून निघतेय.

२ जुलै

प्रती घरोघरी देऊन आलो. बाळीवेशीतल्या आज्जींना वाचता येत नाही. त्यांनी पान उघडून करंगळीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि तिथून पुढे सगळं म्हणाल्या, न अडखळता.

संध्याकाळी चौथीतला तो मुलगा आजीला घेऊन आला. त्या वाचनालयाच्या पायरीच्या आत याआधी कधी आल्या नव्हत्या. नातवाने पान उघडून वकट-वोकटि दाखवलं, त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ हसत राहिल्या. मग न विचारताच बतुकम्माचं, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाचं, गाणं सुरू केलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी "उय्यालो". माग चालू होते, पंखा चालू होता, मुद्रण अगदी वाईट झालं आहे.

"उय्याल म्हणजे झोका," मुलाने सांगितलं आणि पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहायला बसला. पहिल्या ओळीत तीन शब्द त्याला मराठीत सांगता आले नाहीत. ते विचारायला उद्या सकाळी साडेसहाला त्यांच्या घरी जायचं आहे.